वडवणीची हजेरी

७ बहमन १३३० फसली, बीड

दप्तरात निजाम सरकारचा फसली सन, घरी शक, पोस्टात इंग्रजी तारीख. एका माणसानं तीन पंचांगं सांभाळायची म्हणजे छळच. ही रोजनिशी खासगी आहे, पण हाताला दप्तराचं वळण पडलं आहे, म्हणून फसलीच चालू देतो.

आज हुकूम हाती आला. मोमिनाबादच्या भीमाशंकरआप्पा कापडवाल्यांच्या मुलाला, म्हणजे मला, विरुपाक्षाला, तालिमात म्हणजे शिक्षण खात्यानं या जिल्ह्यात तहकीकातीवर नेमलं आहे. खेड्यातल्या शाळांत मुलं येतात किती, शिकून पुढं करतात काय, त्यांना कामधंदा मिळतो का, आणि सरकारचा शाळेवरचा खर्च सार्थकी लागतो का, हे घरोघर विचारून लिहायचं. जिथं पटावरची निम्मी मुलंही हजर नसतील ती शाळा बंद. वाचलेल्या पैशातून बीडला हुन्नरशाळा निघेल. सुतारकाम, लोहारकाम, विणकाम.

ही हुन्नरशाळेची कल्पना माझी. हैदराबादेत ज्याच्या त्याच्या कानीकपाळी ओरडून मी ती वरपर्यंत नेली. नुसतं बाराखडी गिरवून पोट भरत नाही, हातात कसब पाहिजे, हे मला कापडाच्या दुकानात बसल्या बसल्या कळलं होतं. खात्याला कळायला एवढी वर्षं लागली. हुन्नरशाळेचा मुख्य कोण, ते अजून ठरलेलं नाही असं खात्याचे प्रमुख नाझिमसाहेब म्हणाले, आणि म्हणताना हसले. मीही हसलो.

पेशकार, म्हणजे हाताखालचा कारकून, म्हणून रामहरी मिळाला आहे. वयानं माझ्या वडिलांच्या जवळपास, गालात कायम पान, आणि दर वाक्याला "इंतजाम माझ्यावर सोडा साहेब." आपण ज्या गावी जाणार तिथं आदल्या दिवशी वर्दी द्यायची असते, हे त्यानं मला शिकवलं. मी त्याला बजावलं, की माझी बैलांची दमणी दोन माणसांपुरती आहे, सामान डोक्यावरून न्यावं लागेल, तेव्हा हमालांना रोख मजुरी द्यायची. वेठीला आता मनाई आहे. फुकटात कुणाला राबवलेलं मला चालणार नाही. त्यानं पैसे घेतले, कनवटीला लावले, आणि म्हणाला, "दिली म्हणून समजा."


११ बहमन, वडवणी

अंग मोडून आलं आहे. काळ्या रानातली वाट, चाक एकदा रुतलं की बैलांनी जीव टाकायचा.

गाव मात्र अगत्याचं निघालं. वेशीपासून चावडीपर्यंत रस्ता झाडून सडा टाकलेला. राहुटीची जागा सारवलेली, शेजारी जळण, वैरण, दूध. विठ्ठलराव पाटील स्वतः उभे. "सायेब, काय लागंल ते बोला. गाव तुमचंच हाय." सकाळच्या लिंगपूजेला मला वापरातलं पाणी चालत नाही, हे मी सहज बोललो; तर पार नदीकडच्या झऱ्याचं पाणी घागरी भरभरून आलं. एवढ्या लांबून कुणी आणलं देव जाणे. संध्याकाळी हुरडा. चिमणीच्या दातांइतका कोवळा, सोबत लसणाची चटणी. बरं वाटलं.

त्या आधीची गोष्ट लिहायची टाळतो आहे. शाळा पाहिली. चावडीच्या मागं एक लांब पडवी, तिथं सुंदरराव नावाचे मास्तर. पटावर बेचाळीस मुलं, समोर सहा. सहा! मी विचारलं, बाकीची कुठं? मास्तर पाटीलसाहेबांकडं बघतात, मग जमिनीकडं बघतात. "आज... आज जरा कामं निघाली सायेब." बस्स, एवढंच.

ती सहा मुलं मात्र चुणचुणीत. चौकशी केली. दोन पाटलांची, एक कुलकर्ण्यांचं, तीन वाण्यांची. म्हणजे विद्येची गोडी कुणाला आहे ते उघडच झालं. ज्यांच्या घरी चार अक्षरं आहेत त्यांचीच मुलं येतात. बाकीच्यांसाठी सरकारनं कितीही डोकं आपटलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.


१२ बहमन, वडवणी

दिवसभर घरोघर हिंडलो. नाकी नऊ आले.

मी कागद काढला की घरातली माणसं आक्रसतात. मुलगा आहे का विचारलं तर म्हणे हाय, पण आजारी हाय. दुसऱ्या घरी मुलगा लंगडा. तिसऱ्या घरी मामाकडं गेला. एका म्हातारीनं तर दारात गोट्या खेळणाऱ्या नातवाकडं बोट करून सांगितलं, की हा आंधळा आहे. तो गोटी नेमकी मारत होता. मी म्हणालो, आजी, सरकार तुमच्या भल्यासाठी विचारतं आहे. ती म्हणाली, "सरकार आलं की भलंच व्हतंय, बाबा. पर हा आंधळाच हाय."

तरणे बाप्ये गावात जवळपास नाहीतच. कापसाचा हंगाम आहे, सगळे सेलूच्या जिन-कारखान्यात. हे नोंदण्यासारखं.

भिवराबाई नावाची एक बाई तेवढी सरळ बोलली. नवरा जिनात, घरी आंधळी सासू, एक मुलगा सटवा पटावर आहे, एक मुलगी मनकर्णा लहान आहे. मुलगी लहानग्या भावाला कडेवर घेऊन माझ्याकडं टक लावून बघत होती.

मी विचारलं, "सटवा काल शाळेत का नव्हता?"

"कामाला गेलता."

"आज?"

"आज बी कामालाच."

"कुणाच्या कामाला?"

तिनं माझ्या तोंडाकडं जरा वेळ पाहिलं. "सरकारच्या," म्हणाली.

मग आणखी घरी मुद्दाम तसंच विचारलं, तर तीन-चार ठिकाणी तेच उत्तर. सरकारी काम! म्हणजे एवढ्याशा वयात या मुलांना सरकारी काम मिळतं आहे. कुठंतरी रस्त्याचं नाहीतर तळ्याचं काम निघालं असेल. तहकीकातीत एक नवं सदर पाडलं. शाळा सुटण्याचं कारण दारिद्र्य नव्हे, तर कामाची उपलब्धता. हा मुद्दा आजवर कुणी मांडलेला नाही. नाझिमसाहेबांना आवडेल.


१४ बहमन, वडवणी

काल आणि आज दोन्ही दिवस शाळेत डोकावलो. सहा. पुन्हा तीच सहा.

आज मास्तरांना राहुटीत बोलावून हजेरी समोर ठेवायला लावली. मागच्या महिन्यात रोज पस्तीस, अडतीस, एके दिवशी एकेचाळीस. आणि मी आलो त्या दिवसापासून सहा. मी काही दुधखुळा नाही. मी विचारलं, "सुंदरराव, ही एकेचाळीस मुलं तुम्ही स्वप्नात मोजली का?"

हा माणूस चाळिशीचा असेल. अंगात एकच कोट, कोपरावर ठिगळ. मी चिडलो की लोक गयावया करतात, नाहीतर उलट बोलतात. हा कोपरावरचं ठिगळ चाचपत उभा. मी पुन्हा विचारलं. राहुटीच्या तोंडाशी पाटलांचा निरोप्या तराळ बसला होता, मास्तरांनी मान वळवून त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग हळूच म्हणाले, "सायेब, शाळा बगायची तर तुमी नसताना बगाय पाहिजे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी नसताना! म्हणजे मी नसताना सगळं आलबेल, आणि मी आल्यावर आकाश फाटतं. चोराच्या उलट्या बोंबा. मी त्यांना सांगितलं, की पट खोटा ठरला तर शाळा जाईल आणि तुमची नोकरीही जाईल. ते म्हणाले, "नोकरीचं जाऊ द्या. पोरांचं बगा. यंदा चौघं बीडच्या शाळेच्या परीक्षेला बसायच्या लायकीची हायती. एकदा शाळा मोडली तर पुन्हा न्हाई उभी राहायची." आवाज कापत होता. खोटं बोलणाऱ्याचा कापतो तसाच.

तरीही त्या "तुमी नसताना" वर विचार करतो आहे. ठीक आहे. तसंच करून बघू.


१५ बहमन, दुपार, वडवणीबाहेर

रामहरीला भल्या सकाळी राहुटी, घंगाळ, पुस्तकांच्या पेट्या, सगळं घेऊन तेलगावला पुढं धाडलं. पाटलांचा निरोप घेऊन मीही दमणीत बसलो. ओढ्यापर्यंत गेलो, गाडीवानाला तिथंच सोडलं, आणि बांधाबांधानं उलटा पायी गावात. कुणाला वर्दी नाही, तराळ नाही, पाटील नाहीत. साहेब तेलगावच्या वाटेवर आहेत असं सगळ्यांना वाटतंय.

पडवीत पाच मुलं. वाण्याचं एक आजारी होतं.

मास्तर मला बघून उठले आणि पुन्हा खाली बसले. त्यांनी तोंड उघडलं होतं, मी ऐकून घेतलं नाही. काय ऐकायचं राहिलं होतं? तुम्ही म्हणालात तसं मी नसतानाच आलो, आता बोला! मला आनंद झाला होता, हे इथं लिहून ठेवतो. राग आणि आनंद दोन्ही. आपलं खरं ठरलं की माणसाला होतो तो.

लगेच ओढ्याकाठी दगडावर बसून शिफारस लिहिली. वडवणीची शाळा बंद करावी, हजेरी खोटी, मास्तरास कमी करावे, खर्च हुन्नरशाळेकडे वळवावा. टपालाचा हरकारा बीडकडं चालला होता, त्याच्या थैलीत लखोटा टाकला. घुंगरू वाजवत तो गेला. डोक्यावरचं ओझं उतरलं. आता तेलगाव.


१५ बहमन, संध्याकाळ, तेलगाव

जेवलो नाही.

दमणी निम्म्या वाटेवर आली असेल. समोरून माणसांची एक रांग येत होती. चार-दोन म्हातारे, बायका, आणि मुलंच मुलं. डोक्यावर चुंबळी, खांद्यावर दोर, पण ओझं कुणाच्याच डोक्यावर नाही. दमणी बघून सगळे वाट सोडून रानात उतरले. बायकांत भिवराबाई होती. मी गाडी थांबवली.

"कुठून येताय?"

"तेलगावाहून."

"कशाला गेला होता एवढे जण?"

मी थट्टा करतो आहे असं तिला वाटलं असावं. "तुमचंच सामान की सायेब. राहुटी, घंगाळ, पुस्तकाच्या पेट्या. पोचवून आलोत."

"हमाल कुठं गेले?"

"हमाल कोन? सायेब आलं की घरटी एक मानूस द्यायचं असतंय. आमचं मानूस जिनात. मला म्हातारीला सोडून निगता येत न्हाई, म्हून सटवा जातोय. आज मला बी यावं लागलं. तुमच्या पेट्या लई जड."

तिच्या मागं एक मुलगा उभा होता. कपाळावर चुंबळीचा वळ उठलेला. हाच सटवा.

"आणि याची शाळा?"

"सायेब आल्यावर कशाची शाळा? कुनी पानी आनायचं, कुनी जळन, कुनी वैरन. तुमी झऱ्याचं पानी मागितलं, तवापासून तर पोरांना बसायला घावलं न्हाई. एरवी जातोय की रोज. लई नाद हाय त्याला. सायेब लोक येतेत तवाच चुकतीय."

मी म्हणालो, मी मजुरीचे पैसे दिले होते. तिनं बाकीच्या बायकांकडं पाहिलं. कुणी हसलंसुद्धा नाही.

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तुमी म्हनलात कुनाच्या कामाला, मी म्हनलं सरकारच्या."

पाटील, कुलकर्णी, वाणी. वेठ ज्यांच्या घराला लागत नाही त्यांचीच ती सहा मुलं. विद्येची गोडी म्हणे! तीन दिवस मी ज्या शाळेत मुलं मोजत होतो तिची मुलं माझ्या आंघोळीचं पाणी तापवायला जळण फोडत होती. आणि आज मास्तरांना पकडायला म्हणून मी सामान पुढं धाडलं, तेव्हा ते नेणार कोण, हे माझ्या मनात आलंच नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी.

रामहरीवर ओरडलो. तो पान थुंकून आला आणि म्हणाला, "पैसे मी पाटलाकडं देतो साहेब. पुढं पाटील जाणे. आजवरचे सगळे साहेब असेच फिरले, कुणाचं काही अडलं नाही. आपणच पहिले विचारताय." मी त्याला जायला सांगितलं. जाता जाता विचारतो, उद्याच्या पाण्याला इथलीच विहीर चालेल का, की झरा शोधायला माणसं लावू?


१७ बहमन, बीड

दमणी हाकत परत आलो. टपाल काल सकाळीच पुढं गेलं.

वाटेत रामहरी म्हणाला होता, घोड्यावरून माणूस पाठवून थैली गाठता येईल, गावातून एक जण धरून आणतो. धरून आणतो! मी नको म्हणालो. आता बसून वाटतं, त्या एका वेठीनं शाळा वाचली असती का? पण मला ते जमलं नाही.

दुसरा अहवाल लिहायला घेतला आहे. सगळं लिहिणार. साहेब गावात येतो त्या दिवशी शाळा ओस पडते, आणि शाळा मोजली जाते ती साहेब गावात असतो त्याच दिवशी. मग खात्याला कुठलीही शाळा भरलेली दिसणार कशी?


२२ बहमन

अहवाल गेला. माझी शिफारस मागं घेतो, असं स्पष्ट शब्दांत लिहिलं. मास्तरांना निरोप पाठवावा असं मनात आलं, पण निरोप घेऊन जाणार कोण? माणूस मागितला की पुन्हा कुणाच्यातरी घरचं पोर उठायचं. आता मी ज्या गोष्टीला हात लावतो तिला हेच चिकटलेलं दिसतं, वीट आला आहे.


२६ इस्फंदार

महिन्यावर दिवस गेले. आज जबाब आला. उर्दूत तो फार सुरेख वाटतो. मराठीत इतकाच: वेठीचा प्रश्न माल म्हणजे महसूल खात्याचा आहे, तालिमात खात्याचा नाही. आपण फक्त मुलांची संख्या कळवावी, ती पहिल्या अहवालात कळवली आहे, आणि पूर्वीच्या निरीक्षकांच्या आकड्यांशी ती तंतोतंत जुळते.

जुळणारच! तेही पाहुणचार घेऊनच गेले होते.

तसाच तहसीलकडं गेलो. तहसीलदारसाहेब भला माणूस, मला खुर्ची दिली, शरबत दिलं. मी म्हणालो, आपल्या तालुक्यात वेठ चालते. ते म्हणाले, "अशक्य. वेठीला मनाईचा हुकूम आम्ही गावोगाव दवंडी पिटून कळवला आहे." मी म्हणालो, मी डोळ्यांनी पाहिली. ते म्हणाले, "हुकूम आहे ना? मग वेठ नाही. जे दिसलं ते लोकांनी आपखुशीनं केलं असेल. आपले लोक मोठे अगत्यशील." मग त्यांनी विचारलं, की ज्या साहेबाच्या दौऱ्यात वेठ झाली त्याचं नाव लिहून द्याल का? मी नाव लिहून दिलं. माझंच. त्यांनी कागद वाचला, हसले, आणि माझ्या शरबताच्या पेल्याखाली ठेवला.

दगडावर डोकं आपटलं असतं तर निदान दगड दुखतो आहे अशी समजूत तरी करून घेतली असती.


८ फरवर्दी

हुन्नरशाळेच्या मुख्याच्या जागी माझी नेमणूक झाली. पहिल्या अहवालाची तारीफ आहे, "निर्भीड आणि आकडेवार." घरून आप्पांनी पेढे वाटल्याचं कळवलं.

त्याच लखोट्यात वडवणीची शाळा बंद केल्याचा हुकूम. तो मी जातीनं मास्तरांच्या हाती द्यायचा, तो पोचल्या क्षणापासून शाळा बंद.

नोकरी सोडावी असं मनात आलं. मग मी सोडली तर हुकूम रामहरी नेईल, एवढाच फरक पडेल. हे कारण खरं आहे की सोयीचं, मला ठरवता येत नाही.


११ फरवर्दी, वडवणी

आजचं सगळं सावकाश लिहितो.

रामहरीला बीडलाच ठेवलं. वर्दी नाही, राहुटी नाही, पेटी नाही. दमणी अलीकडच्या गावात सोडली. आज वडवणीचा बाजार, म्हणून बाजाराला निघालेल्या माणसांत मिसळून पायी आलो. डोक्याला साधं उपरणं गुंडाळलेलं, काखेत धोतराची घडी, आणि कोटाच्या आतल्या खिशात हुकूम.

चावडीच्या मागल्या बाजूनं गेलो. पडवी दिसायच्या आधी आवाज ऐकू आला. अडीचकीचा पाढा चालला होता. एक जण सांगत होता, बाकीचे म्हणत होते, आणि शेवटच्या शब्दाला सगळे मिळून असा हेल काढत होते की बाजारचा गलका त्याखाली दबून जात होता. मी कुडाच्या फटीतून पाहिलं. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. मांडीला मांडी लावून मुलं बसली होती. सांगणारा मुलगा सटवा. मास्तर भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. एकानं चूक केली तेव्हा डोळे न उघडताच त्यांनी बोट वर केलं, आणि सगळ्या मुलांनी त्या एकाकडं मान वळवली.

मोजायची सवय आहे म्हणून मोजायला लागलो. मध्येच मोजणं सुटलं. मला रडू आलं, हे लिहायला हरकत नाही.

किती वेळ उभा होतो कळलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "सायेब! सायेब आलेत!" पाटलांचा तराळ. बाजारात माझा चेहरा ओळखून माग काढत आला असेल.

अडीचकी तिथंच तुटली. आणि मग मी जे पाहिलं ते मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मास्तर काही बोलले नाहीत. पाटील अजून आलेही नव्हते. मुलं आपणच उठली. पाट्या कोपऱ्यात एकावर एक रचल्या. ठेवायची जागासुद्धा ठरलेली. दोघांनी घागरी घेतल्या, चौघं जळणाला, काही वैरणीला. कुणाला विचारावं लागलं नाही. त्यांचा हा पाढाही पाठ होता.

"थांबा!" मी म्हणालो. "कुणी कुठं जायचं नाही. मला काही नको."

तेवढ्यात विठ्ठलराव पाटील पटका बांधत धावत आले. "आवो सायेब, वर्दी न्हाई, काई न्हाई, असं कावून आलात? गावाची अब्रू गेली की!"

"पाटील, मला काही नको. पाणी नको, दूध नको. मुलांना बसू द्या."

"सायेब लई गरीब सोभावाचे," पाटील तराळाला म्हणाले. "असे सायेब आदी नकोच म्हनतेत." आणि मुलांकडं वळून, "पळा बे! झऱ्याचं आना, सायबाला साधं चालत न्हाई."

मी ओरडलो. खरोखर घसा ताणून ओरडलो, की मुलांना परत बोलवा. साहेब संतापलाय म्हटल्यावर मुलं आणखी जोरात पळाली. पडवीत पाटलांची दोन, कुलकर्ण्यांचं एक, वाण्याची तीन उरली. मास्तर माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत राग असता तर सोसलं असतं.

मग कसं सुचलं माहीत नाही. मी पटकन बाकड्यावर बसलो, पाय पसरले, आणि रामहरीनं सांगितलेल्या त्या आजवरच्या साहेबांचा आवाज काढला.

"पाटील, मला वेठीला पोरं पाहिजेत."

पाटील थबकले. "किती, सायेब?"

"सगळी. गावातली एकूणएक. दिवस मावळेपर्यंत या पडवीत हजर पाहिजेत. सरकारी काम आहे. मधून एकही पोर कुणी दुसऱ्या कामाला उचललं तर पाटीलकीचं बघून घेईन."

त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हुशारी आली. इतक्या वेळानं त्यांना समजेल अशा बोलीत कुणीतरी बोललं होतं. "आसं सांगा की सायेब! एवढा येळ नको नको कावून लावलंत?" आणि तराळ सुटला.

घागरी वाटेतच ठेवून मुलं परत आली. पटावरची सगळी, आणि पटावर नसलेलीही. सगळी म्हणजे सगळी, असा हुकूम होता ना. बाजारात भाजी विकायला बसलेल्या पोरी उठवून आणल्या. तो गोटीवाला आंधळाही आला. भिवराबाईची मनकर्णा भावाला कडेवर घेऊन आली आणि कुठं उभं राहायचं ते कळेना म्हणून दारात थांबली. मास्तरांनी तिला आत घेतलं. पडवीत मावेनात म्हणून काही अंगणात बसली. कुणाच्या डोक्यावर ओझं नव्हतं, आणि काम काय ते कुणी सांगत नव्हतं, म्हणून ती बावरून गेली होती.

"काय करायचंय सायेब यांनी?" मास्तरांनी मला विचारलं.

"तुम्ही रोज जे करता ते."

त्यांनी अडीचकी तुटली होती तिथून धरली. मग नवीन मुलांना समोर घेऊन धुळाक्षरं काढायला बसवलं. अंगणात धूळ भरपूर. मनकर्णाचं बोट धरून त्यांनी पहिलं अक्षर काढलं, दुसरं तिनं एकटीनं काढलं, आणि भावाच्या पायानं पुसलं गेलं तेव्हा त्याला एक चापट मारून पुन्हा काढलं. पाटील दोनदा डोकावून गेले. वेठ नीट चालली आहे ना, बघायला. मी मान डोलावली. समाधानानं परत गेले.

दिवस मावळला. मास्तरांनी मुलांना सोडलं. बाजार उठत होता, बायका मुलांना हाका मारत होत्या. मनकर्णा गेली नाही. बोटाला लागलेली धूळ परकराला पुसत ती मास्तरांपाशी आली.

"मास्तर, उद्या बी हीच वेठ हाय का?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिशातून हुकूम काढून त्यांच्या हातात दिला.